बहात्तर फूट कामिनी

मी, चंद्रमती, कै. व्यंकटरमणराव यांची मुलगी, कै. मुरलीकृष्ण यांची पत्नी, वय वर्षे शहात्तर, निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका, राहणार वल्लम रस्ता, तंजावूर, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहीत आहे. कुणी लिही म्हटले म्हणून लिहीत नाही. उलट मुलगी फोनवर म्हणते, "कशाला आई हे अभद्र?" येत्या चौदा जुलैला तिरुचीच्या इस्पितळात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. त्यातून वाचले तर हा कागद कपाटात पडून राहील. नाही वाचले तर बोलायला मी नसेन, म्हणून आधी लिहून मोकळी होते.

माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे, पण त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात वजा करायला सांगितले, एवढेच. त्याहून मोठा पुरावा मी स्वतः देते. माझ्या अंगणाच्या पश्चिमेस बहात्तर फूट लांबीचे कामिनीचे कुंपण आहे. ते १९९६ साली दीड दीड फुटावर, दोन ओळींत, तिरप्या जोडीने लावले. रोपे एकंदर ब्याण्णव. पहिल्या उन्हाळ्यात पाच गेली, ती पुन्हा लावली. एवढे जिला तोंडपाठ आहे तिला म्हातारचळ लागलेला नाही.

कलम १. जुने मृत्युपत्र

सप्टेंबर २०१४ मध्ये मी एक मृत्युपत्र नोंदवले होते. ते तमिळमध्ये आहे, टाइप केलेले आहे, त्यावर शिक्के आहेत, आणि ते रागाच्या भरात केलेले आहे. त्यात मी असे लिहिले की माझ्या पश्चात घर मुलगी विनुता हिला मिळावे, मात्र तिने वर्षाच्या आत पश्चिमेचे कुंपण मुळासकट उपटून तेथे सहा फूट उंच विटांची भिंत बांधावी. भिंत बांधली नाही तर घर देवळाच्या ट्रस्टला जावे. वाचताना आता मलाच लाज वाटते. जिने मुलांना चाळीस वर्षे झाडे लावायला शिकवले तिने हे लिहावे!

ते मृत्युपत्र या कागदाने मी रद्द करते. पण माझी वकील महालक्ष्मी हिने मला दोनदा बजावले आहे की या कागदावर माझी सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या नाहीत तर जुनेच खरे धरले जाईल. (ही महालक्ष्मी नववीत माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून चिंच खायची. आता मला बजावते.) हे ध्यानात असू द्यावे. पुढे त्याचे काम आहे.

कलम २. हे मराठीत का

आमचे घराणे तीनशे वर्षांपासून येथे आहे. घरात आम्ही मराठीच बोलतो. पुण्याहून आलेली एक पाहुणी आमचे बोलणे ऐकून म्हणाली, "किती जुनं जुनं बोलता हो तुम्ही!" मी म्हटले, "तुम्ही विसरलात ते आम्ही ठेवलंय, जाताना हवं तर घेऊन जा." पण बोलणे वेगळे आणि वाचणे वेगळे. विनुता मराठी बोलते, अक्षर वाचता येत नाही. माझी नात कीर्तना हिला सगळे कळते, उत्तर तमिळमध्ये देते. आमच्या वडिलांनी तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, पाटी घेऊन बसवून दोन मुलांना हे अक्षर शिकवले. एक मी. दुसरा माझा धाकटा भाऊ बाळकृष्णराव, वय त्र्याहत्तर, निवृत्त सर्वेअर, राहणार कुंपणाच्या पलीकडे.

कलम सात, आठ आणि दहा सोडून बाकीचे मी महालक्ष्मीला तोंडी सांगितले आहे, तिने त्याचे तमिळ करून सोबत जोडले आहे. त्या तीन कलमांपुढे तिने "कौटुंबिक" एवढाच शब्द घातला आहे. ती म्हणाली, "मामी," (येथे वडीलधाऱ्या बाईला सगळे मामीच म्हणतात) "त्यात आहे तरी काय?" मी म्हटले, "कुंपण आहे." तिने कपाळाला हात लावला.

कलम ३. घर

घर, विहीर, चिकूची दोन झाडे आणि अंगण विनुताला. तिने कोइमतूर सोडून येथे येऊन राहावे असा माझा आग्रह नाही. भाड्याने द्यावे, विकावे, तिची मर्जी. विकायचे ठरले तर आधी मामाला विचारावे, कारण कुंपणाची अर्धी जाडी त्याची आहे. बँकेत जे उरले असेल ते विनुताने आणि कीर्तनाने वाटून घ्यावे. त्याबद्दल मला लिहिण्यासारखे काही सुचत नाही.

कलम ४. अलमेलु

अलमेलु माझ्याकडे एकतीस वर्षे आहे. कामाला आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता, आता माझ्या चुका काढते. कुंपण नवे लावले तेव्हा तिने कामिनीची पाने रानटी कढीलिंब समजून सांबारात टाकली होती. पान तसेच दिसते, नात्यातलेच झाड आहे, त्यामुळे मी तिला शंभरपैकी चाळीस गुण दिले. सांबार मात्र टाकून द्यावे लागले.

तिला मागची खोली हयातभर, पीठ वाटायचा दगडी रुब्बु, पितळी भांडी सगळी, आणि माझ्या नऊवारीतल्या दोन रेशमी साड्या. ती म्हणेल, मी कुठे नेसणार. नेसू नको, मोडून नातीचे परकर शिव. गेली अकरा वर्षे उडदाच्या पिठाचे डांगर, पुरणपोळी आणि दिवाळीचे तिखटगोड या घरातून कुंपणापलीकडच्या घरात तिनेच नेले. रिकामा डबा परत येताना त्यात कधी लिंबे, कधी शेवग्याच्या शेंगा. दोन घरांत बोलणे बंद असताना हे सगळे तिने एक शब्द इकडचा तिकडे न करता केले. याचे मोल मी कोणत्या कलमात घालू?

कलम ५. दोन जुने हिशेब

पापनाशमच्या ज्या रोपवाटिकेवाल्याने १९९५ मध्ये मला कामिनी म्हणून दुरांटा विकला, त्याला मी माफ केलेले नाही. पाने फुटली तेव्हा कळले. मी बसने तेथे गेले, त्याच्या पुढ्यात रोपटे ठेवले, तर म्हणतो, "टीचर, हिरवं आहे ना? कुंपण होतं ना?" त्या दिवसापासून मी सगळी रोपे बियांपासून स्वतः केली. म्हणजे आभार त्याचेच मानायला हवेत. मानत नाही.

समोरचे राममूर्ती, निवृत्त पोस्टमास्तर, यांनी २००९ साली मी गावाला गेले असता माझ्या कुंपणाच्या बावीस फांद्या तोडून नेऊन लावल्या आणि "सगळ्या मेल्या हो" असे सांगितले. मेल्या नाहीत. त्यांच्या मागच्या अंगणात आठ जगल्या आहेत, वास आला की मला कळते. त्या आठ मी त्यांना या कागदाने रीतसर देते. त्यांनी आता क्रोटन श्रेष्ठ की कामिनी हा वाद सोडावा.

कलम ६. कुंपण कसे राखावे

कीर्तना, हे तुझ्यासाठी. आईकडून तमिळमधले वाचून घे आणि एकदा तरी अंगणात उभी राहून वाच.

झाड जिवंत आहे तोवर कुंपण जुने होत नाही. फळ पिकून लाल झाले की तोडायचे, गर धुऊन काढायचा आणि बी लगेच पेरायचे. डबीत घालून पुढच्या वर्षी पेरीन म्हणशील तर काही उगवणार नाही. रोप वीतभर झाले की शेंडा खुडायचा. घाबरू नको. खुडल्याशिवाय ते बाजूंनी फुटत नाही आणि तळ उघडा राहतो, मग खालून कुत्री येतात.

कुंपण खाली रुंद आणि वर अरुंद असावे, चार बोटांचा फरक पुरे. उलटे झाले की खालच्या पानांना ऊन मिळत नाही, ती गळतात. रस्त्यावरची निम्मी कुंपणे अशीच वर फुगलेली, खाली काड्या. कुणाला सांगायला जाऊ नको, मी सांगून थकले. कात्रीचे पाते कोरडे पुसून खोबरेल लावून ठेवायचे.

आता मुख्य गोष्ट. कामिनी ताण सोसते आणि मग पाणी मिळाले की फुलते. चांगला महिनाभर पाणी तोडायचे, पान जरा मलूल होईपर्यंत. मग एके दिवशी भरपूर द्यायचे, दोन-तीन दिवस लागोपाठ. साधारण तीन आठवड्यांनी सगळे कुंपण एकदम पांढरे होते. तीन-चार दिवसच टिकते, पण त्या दिवसांत गल्लीच्या टोकाशी बस थांबली की उतरणारी माणसे नाक वर करतात. या तीन आठवड्यांत कात्री लावायची नाही. कळ्या शेंड्यांवर असतात. कुणी कितीही मायेने लावली तरी नाही.

कलम ७. काय झाले

हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

वडील गेल्यावर जागेचे दोन भाग झाले, भांडण न होता. मधे भिंत घालू म्हणून गवंडी बघायला निघालो, तर आई म्हणाली, "भिंत नको रे. पलीकडे कोण खोकतंय ते मला ऐकू यायला पाहिजे." म्हणून कुंपण. रोपे माझी, आखणी भावाची, बाळूची. त्याने कचेरीतून स्वतःची दोरी आणि ओळंबा आणला. दोरीचे एक टोक त्याच्या हातात, दुसरे माझ्या. "अक्का, ढिली सोडूं नको. अक्का, श्वास घेतेस तेव्हा दोरी हलते." बहात्तर फुटांना अख्खी सकाळ लागली. मधे आईसाठी दोन फुटांची वाट ठेवली. ती रोज सकाळी इकडे कॉफी पिऊन, पदराचा शेव खोचून, तिकडे दुसरी कॉफी प्यायला त्या वाटेने जायची. सात वर्षे गेली, मग ती गेली. वाट राहिली.

छाटणीवरून आम्ही भांडायचो, पण ते भांडण आम्हांला आवडायचे. त्याला कुंपण काटकोनात हवे. मला फूल हवे. "तुला भिंतच हवी होती, हिरवा रंग दिलेली," मी म्हणायची. "तुला जंगल हवंय, नाव दिलेलं," तो म्हणायचा. त्याची बायको कमलाक्षी वाटेत उभी राहून दोघांनाही हसायची.

कमलाक्षी जानेवारी २०१४ मध्ये गेली. दोन वर्षे अंथरुणाला खिळून होती. त्यांना मूल नाही. दोन वर्षे बाळूने तिला न्हाऊ घातले, भरवले, कूस बदलली, नर्स ठेवली नाही. या माणसाने आयुष्यात स्वतःचा पेला उचलून ठेवला नव्हता.

त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस विनुताचे लग्न ठरले. वरपक्षाचा पहिला पाहुणचार आमच्या अंगणात व्हायचा होता. मी ठरवले, त्या दिवशी कुंपण पांढरे झाले पाहिजे. जुलैपासून पाणी तोडले. पाऊस येऊ नये म्हणून देवाला गाऱ्हाणे घातले. बरोबर मोजून पाणी सोडले. कळ्या धरल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या, अगणित. मी कुणालाही सांगितले नाही. मला सगळ्यांना चकित करायचे होते, त्यातही बाळूला. आठ महिने तो हसला नव्हता.

दोन दिवस आधी मी रेशमी कापड आणायला कुंभकोणमला गेले. साडेअकराला परत आले. फाटकातून पाहिले तर कुंपण टेबलासारखे सपाट. बाजू सरळ, डोके सरळ, कोपरे काटकोनात. बाळू पहाटेपासून एकटा राबला होता, भाचीच्या लग्नासाठी, मला चकित करायला. दोरी अजून ताणलेली होती. खाली कळ्यांचे ढीग. त्याने घाम पुसला, आणि हसला.

आणि मी, अंगणात पोळ्या लाटायला बसलेल्या सात बायकांच्या देखत, ओरडले, "तुझ्या हाताखाली जिवंत काही टिकतच नाही!"

बोलून झाल्यावर मला ऐकू आले मी काय बोलले ते. मी कळ्यांबद्दल बोलले होते. तेथे बसलेल्या कुणालाही तसे वाटले नाही, आणि त्याला तर नाहीच.

त्याने कात्री खाली ठेवली. दोरी सोडलीही नाही. वाटेने आपल्या घरी गेला. लग्नात मामा म्हणून जे जे करायचे ते त्याने केले, विनुताच्या हाताला धरून तिला मांडवात आणले. माझ्याकडे पाहिले नाही. मीही त्याच्याकडे गेले नाही. का गेले नाही? लाज वाटली, आणि लाज लपवायला राग बरा पडतो. तो आधी बोलेल म्हणून थांबले. दोन आठवड्यांत जाऊन ते भिंतीचे मृत्युपत्र केले. अशी मी.

आणि ऐका. दिवाळीच्या पावसात ते कुंपण असे फुलले की आजवर तसे फुलले नव्हते. दाबून छाटल्यामुळे फुटवे दुप्पट आले होते. वनस्पतिशास्त्राच्या बाईला हे ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते. ओरडले तेव्हाही ठाऊक होते.

कलम ८. जे माझे नाही ते, आणि बाळकृष्णराव

त्या दिवशीची दोरी मी गुंडाळून ठेवली. पितळी ओळंबा चिंचेने घासून दर दसऱ्याला माझ्या हत्यारांबरोबर पुजला. ही दोन्ही माझी मालमत्ता नाही, म्हणून मला ती कुणाला ठेवता येत नाही. जेवणघरातल्या फडताळात, वरच्या कप्प्यात, डावीकडे आहेत. ज्याची त्याने न्यावी.

कात्र्या दोन्ही कीर्तनाला.

बाळकृष्णरावाला मी काहीही ठेवत नाही. घरातली एक वाटीसुद्धा नाही. हे मुद्दाम आहे आणि कारण कलम दहामध्ये आहे. ते वाचेपर्यंत रागावू नये.

येथून पुढे मी तुझ्याशीच बोलते, बाळू. कायद्यात बसत नसेल तर महालक्ष्मीने डोळे मिटावे, नाहीतरी तिला वाचता येत नाही.

तेव्हापासून तू तुझी बाजू छाटतोस, मी माझी. डोक्यावर अर्धे तू कापतोस, अर्धे मी. तुझे खाली, माझे वर. म्हणून आपल्या कुंपणाच्या डोक्यावर अख्खी बहात्तर फूट पायरी झाली आहे. गल्लीतली मुले तिला जिनाच म्हणतात. मी तुझ्या उंचीला उतरले नाही आणि तू माझ्या उंचीला चढला नाहीस.

पण वाट बुजली नाही. कामिनी दोन फुटांची फट तीन वर्षांत भरून टाकते, हे मी पोरांना शिकवले आहे. माझ्या अंगाच्या फांद्या मी दर महिन्याला मागे घेत आले. मला वाटायचे हे मी एकटीच करते. मग एकदा मुद्दाम वाकून पाहिले, तर तुझ्याही अंगाच्या फांद्या कापलेल्या, ताज्या, तिरप्या. अकरा वर्षे आपण दोघे एक वाट राखतोय आणि तिच्यातून जात कुणीच नाही. आपल्याला वेड लागलंय, बाळू.

मार्चमध्ये मी बारा दिवस इस्पितळात होते. परत आले तर माझ्या बाजूची मुळे ओली. अलमेलुला विचारले पाणी कुणी घातले. म्हणाली, "मला काय ठाऊक मामी," आणि भाजी चिरायला लागली. तुझी नळी तेवढी लांब नाही. म्हणजे तू बादलीने घातलेस, या वयात.

मी जे बोलले ते खोटे होते. तुझ्या हाताखाली कमलाक्षी दोन वर्षे जगली. डॉक्टरांनी सहा महिने दिले होते. तुझ्याच हातांमुळे जगली. हे सगळ्या गावाला माहीत होते, मलाही माहीत होते, आणि तरी मी ते बोलले. माझे चुकले. मला माफ कर. हे तुझ्यापुढे उभी राहून म्हणायला हवे होते. कितीदा वाटेच्या तोंडाशी येऊन उभी राहिले. पाय उचलला नाही.

कलम ९. मागचे

क्रियाकर्म थोडक्यात. अस्थी तिरुवैयारूला कावेरीत सोडाव्या. कुणी हौसेने माझी राख कुंपणाच्या मुळाशी घालीन म्हणेल तर घालू देऊ नये. राखेने माती खारट होते आणि कामिनीची पाने पिवळी पडतात. तेराव्याला पोळ्या कराव्यात आणि त्या लाटताना बायकांनी मोठ्याने बोलावे.

कलम १०. साक्षीदार

मृत्युपत्राने ज्याला काही मिळते त्याने त्यावर साक्ष करू नये, पुढे कटकट होते, असे महालक्ष्मीने सांगितले. (एक साक्षीदार राममूर्ती. त्यांच्या आठ फांद्या ती देणगी धरायला तयार नाही. म्हणाली, "मामी, चोरीचा माल तुम्ही देऊच शकत नाही.") म्हणून बाळकृष्णरावाला मी काही दिलेले नाही. मला तो साक्षीला हवा आहे. सही करताना साक्षीदार समोर लागतो, त्याला माझा हात दिसावा लागतो. कायदाच तसा आहे. मला अकरा वर्षांत सापडलेले हे एकच निमित्त.

महालक्ष्मी म्हणाली, "मामी, साक्षीदार कुणीही चालतो. औषधाच्या दुकानातला माणूस चालतो. ऑपरेशन तोंडावर आलंय." मी सांगितले, दुसरा कुणी चालणार नाही. तो आला नाही तर मी सही करणार नाही. मग जुनेच मृत्युपत्र खरे धरले जाईल, कुंपण उपटले जाईल आणि भिंत उभी राहील. तेच योग्य होईल, कारण मग तेथे भिंतच आहे. तिने मला हट्टी म्हटले. असेन.

हा कागद आज सकाळी अलमेलुच्या हाती डब्याच्या खालच्या कप्प्यात घालून पलीकडे पाठवत आहे, वरच्या कप्प्यात डांगर. बुधवारी सकाळी दहाला सही. मी तिण्णैवर बसेन, वाटेकडे तोंड करून.

*

पुरवणी, माझ्याच हातची. बुधवार, दहा वाजून वीस मिनिटे. महालक्ष्मीने तीनदा घड्याळ पाहिले. राममूर्ती कलम पाच तमिळमध्ये वाचून तोंड फुगवून बसले होते. मी टोपण लावून पेन खाली ठेवले. मग कामिनीची पाने सळसळली. आईची वाट दोन फुटांची, आणि बाळू आता अंगाने सुटला आहे, त्यामुळे त्याला आडवे व्हावे लागले. खांद्यावर पाने घेऊन आला. हातात रिकामा डबा, आणि हा कागद घडी घातलेला. सुरकुत्यांवरून दिसते की पुष्कळदा उघडला आहे. "अक्का," म्हणाला, "पेन कुठंय?" आता मी सही करते. अक्षर वाकडे येत आहे त्याचा माझ्या बुद्धीशी संबंध नाही.

सही: चंद्रमती
स्थळ: तंजावूर, वल्लम रस्ता, घराची तिण्णै
दिनांक: १८ जून २०२५

साक्षीदार पहिला. वरील बाईंनी माझ्यासमक्ष सही केली. फांद्या बावीस नव्हत्या, वीस होत्या. क्रोटनबद्दलचे माझे मत कायम आहे.
सही: राममूर्ती

साक्षीदार दुसरा. माझ्या बहिणीने माझ्यासमक्ष, पूर्ण शुद्धीत सही केली. कागद तीन दिवसांत सात वेळा वाचला. रोपे ब्याण्णव नव्हती, त्र्याण्णव होती. एक आईने वाटेच्या तोंडाशी स्वतः खोचले होते, तू शाळेत गेली होतीस. तरीही बुद्धी शाबूत आहे असे मी लिहून देतो.

कमलाक्षीवरून लागलेले तुझे ते बोलणे मी मनात ठेवले नव्हते असे लिहिणार होतो. ते खोटे झाले असते. ठेवले होते. आज काढून टाकले.

पायरीची उंची आज मोजली, सात इंच. तुझे कापून खाली आणणार नाही. माझी बाजू वाढू देतो. नीट भरायला दोन पावसाळे लागतील. दोरी आणि ओळंबा फडताळातच असू दे, मी नेत नाही. ही अकरा वर्षे मी दोरीचे दुसरे टोक खुंटीला बांधून भागवले, रेषा एकदाही मनासारखी आली नाही. झडप बदलून घरी ये. टोक तुला धरायचे आहे.

सही: बाळकृष्णराव